फाल्गुनातला हिरवा

फेब्रुवारीचा शेवट, सकाळचे साडेआठ, शहराबाहेरचा एक खासगी मुरमाड माळ. एअरसॉफ्टचा, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांच्या लुटुपुटीच्या लढाईचा, खेळ सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती आणि एक मुलगा लाल रुमाल वर धरून, ‘हिट, हिट’ म्हणत बाहेर आला. अंगात कोरा करकरीत वुडलँड ड्रेस, म्हणजे हिरवा, तपकिरी, काळा असे मोठे ठिपके. त्यावर काळी चेस्ट रिग, म्हणजे छातीवर बांधायचे पाऊचांचे पट्टे, काळे बूट, काळे हातमोजे. बोरीच्या झुडपामागे तो अगदी शिस्तीत, न हलता पालथा पडला होता. तरी साठ पावलांवरून समोरच्याला तो असा दिसला, जसा ज्वारीच्या खळ्यात पडलेला टायर दिसावा. पुढच्या दोन फेऱ्यांतही तेच झालं. त्याच खेळात एक वयस्कर खेळाडू विटलेली खाकी पँट आणि कडब्याच्या रंगाचा साधा शर्ट घालून, कसल्याही आडोशाशिवाय, गवतात पाऊण तास बसून होता. दोघेजण त्याच्यापासून वीस पावलांवरून निघून गेले. दुपारी सावलीत पाणी पिताना त्या मुलाने विचारलं, “काका, मी तर जंगलाचाच ड्रेस घेतलाय की. मग दिसतो कसा?” कुणीतरी म्हणालं, अनुभव कमी आहे, येईल हळूहळू. ते उत्तर खरं नव्हतं. मुलगा हलला नव्हता, आवाज केला नव्हता, जागाही बरी निवडली होती. चुकलं होतं ते कापडाच्या दुकानात.

‘जंगलाचा ड्रेस’ हा शब्द तेव्हापासून डोक्यात टोचत राहिला. कुठलं जंगल? सोलापूरच्या आसपास खेळायला मिळतात त्या जागा म्हणजे पडीक माळ, मुरमाच्या जुन्या खाणी, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, आणि पीक निघालेली रानं. या जमिनीचे रंग महिन्यागणिक बदलतात. पाऊस झाला की श्रावण-भाद्रपदात माळ खरोखर हिरवा असतो. तरवड फुलतो, कुसळी आणि पवना गवत गुडघ्याला लागतं. दसऱ्यापर्यंत हा हिरवा टिकतो. दिवाळीनंतर गवत आधी पोपटी, मग तांबूस, मग पिवळट होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या, सुमारास त्याला पिकल्या कडब्याचा रंग येतो आणि होळीपर्यंत तोही विटून राखाडी-पांढुरका उरतो. त्याच्या मधूनमधून मुरमाचा विटकरी-पिवळा, बेसाल्टच्या दगडांचा करडा, आणि बाभळीच्या बारीक पानांचा धुळकट हिरवा, ज्याला हिरवा म्हणायलाही जीभ अडखळते. म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने हिरवे आणि आठ महिने मळकट. आणि दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे पहिल्यांदा विकला जातो तो हिरवा. काळ्या रानाची गोष्ट आणखी निराळी. तीच जमीन कोरडी असताना राखेसारखी करडी दिसते आणि ओली झाली की डांबरासारखी. नांगरटीवर वाळवंटी रंगाचा माणूस पडला तर चुन्याची फक्की टाकल्यासारखा उठून दिसतो. त्यामुळे ‘सोलापूर म्हणजे कोरडं, म्हणून डेझर्ट घ्या’ हा सल्लाही अर्धाच. आधी खेळायची जागा पाहावी. माळ असेल तर वाळका रंग, ओढ्याची बाभूळ असेल तर करडा-हिरवा, आणि रिकाम्या काळ्या रानात खेळायचंच असेल तर कपड्यापेक्षा बांधाच्या आडोशावर भरवसा ठेवावा.

खाकी या शब्दाकडे आपण किती बेफिकिरीने बघतो. खाक म्हणजे धूळ, माती. 1846 मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने कोअर ऑफ गाइड्स ही पलटण उभी केली आणि तिथल्या धुळीच्या रंगात कपडे रंगवायला सुरुवात केली. लाल कोटांच्या जमान्यात ही मोठी गोष्ट होती. कापडाला जमिनीचं नाव पडलं. आपल्याकडे मात्र खाकी म्हणजे एकतर पोलीस, नाहीतर शाळेची चड्डी. आणि सोलापूर तर गणवेश शिवणारं गाव. इथे शाळांच्या, कारखान्यांच्या गणवेशांचे ताग्यावर तागे कापले जातात, आणि त्यात खाकीच्याच कितीतरी शेड असतात: पिवळट, हिरवट, तपकिरीकडे झुकलेली, दगडी. जे कापड परदेशी नावाने तिप्पट किमतीला मागवलं जातं, त्याच्या तोडीचं ड्रिल किंवा ट्विल इथल्या पेठेत मीटरवर मिळतं. साधारण उंचीच्या माणसाला शर्ट आणि खिशांची पँट मिळून चार-साडेचार मीटर लागतं. गुडघ्याला आणि कोपराला दुहेरी थर, मांडीवर तिरका खिसा, बगलेत हवेसाठी फट, एवढं सांगितलं की गणवेश शिवणारा कुठलाही कारागीर ते शिवून देतो. एकच पथ्य: शर्ट आणि पँट एकाच ताग्यातून घेऊ नये. वर फिकट आणि खाली गडद, किंवा उलट. अंगभर एक रंग असला की माणसाचा आकार सलग दिसतो. कमरेपाशी रंग तुटला की तो आकारही तुटतो.

प्रिंटेड पॅटर्नबद्दल बोलायचं तर त्यात वाईट काही नाही, फक्त तो कुठल्या जमिनीसाठी काढला होता हे विसरू नये. 1981 पासून अमेरिकी सैन्याने वापरलेला वुडलँड हा दाट, ओल्या, सावलीच्या रानासाठी. जर्मनीचा फ्लेकटार्न पाच रंगांचा, बारीक ठिपक्यांचा, तोही तिकडच्या झाडीसाठी. दोन्ही इथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तम. पण उन्हाळ्यात त्यांचं एक दुखणं समोर येतं: दहा पावलांवर सुटे दिसणारे ठिपके पन्नास पावलांवर एकमेकांत मिसळतात आणि सगळा माणूस एक गडद हिरवा-काळा गोळा होतो. त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. मल्टीकॅम हा अनेक रंग एकमेकांत विरघळवलेला पॅटर्न इथे बराचसा चालतो, कारण त्याचा पाया तपकिरी-फिकट आहे आणि हिरवा त्यात हलक्या हाताने मिसळलेला आहे. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्याच्याइतका सोयीचा पॅटर्न नाही. फाल्गुन-चैत्रात मात्र तोही थोडा गडद पडतो. तेव्हा त्याचा एरिड प्रकार किंवा जुना तीन रंगी डेझर्ट बरा. आणि ज्यांना एकच ड्रेस सगळीकडे हवा असतो त्यांनी अमेरिकी सैन्याचा अनुभव जरूर आठवावा. 2004 मध्ये त्यांनी वाळवंट, रान आणि शहर तिन्हींसाठी मिळून एकच करडा चौकटी-चौकटींचा पॅटर्न आणला. तो कुठेच नीट मिसळला नाही, आणि 2010 मध्ये अफगाणिस्तानातल्या सैनिकांना मल्टीकॅम द्यावा लागला. एवढ्या मोठ्या सैन्याला जे जमलं नाही ते आपल्याला एका ड्रेसमध्ये जमेल अशी आशा धरू नये.

रंगाच्या आधी उजेड बघावा.

हे वाक्य रंगकाम करणाऱ्यांना लगेच कळतं. लांबून डोळ्याला आधी हिरवा की तपकिरी हे कळत नाही. आधी कळतं ते गडद आणि फिकट. म्हणून कापड घेण्याआधी नमुन्याचे तुकडे आणावेत, साधारण वहीच्या दोन पानांएवढे. पोस्टकार्डाएवढा तुकडा काहीच सांगत नाही. ते खेळायच्या जागी गवतात, झुडपाच्या बुडाशी, मुरमावर टाचून ठेवावेत आणि दहा, तीस, पन्नास पावलांवरून मोबाइलने फोटो काढून ते कृष्णधवल करून बघावेत. जो तुकडा शोधावा लागतो तो आपला. हे सकाळी नऊला आणि दुपारी चारला, दोनदा करावं, कारण तिरप्या उन्हात गवत सोन्यासारखं होतं आणि माथ्यावरच्या उन्हात त्याची राख होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन शेड उन्हात वेगळ्या पडतात, हे सोलापूरच्या रंगाऱ्यांना नव्याने सांगायला नको. लॉट बदलला की शेड बदलते, हेही नाही. तरी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर, उन्हात, कापड नेऊन बघायला लाजतं. लाजू नये. आणि कापडावर हात फिरवून चमक बघावी. पॉलिस्टर जास्त असलेलं स्वस्त कापड रंगाने कितीही जुळलं तरी खांद्यावर आणि गुडघ्यावर चकाकतं, आणि चकाकणारी तपकिरी ही लांबून पांढरीच दिसते.

सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ आठवतो. 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं तो सगळा गवताळ प्रदेश. माळढोक आता दिसणं दुर्मिळ, पण काळविटांचे कळप दिसतात. त्यातल्या माद्या बघाव्यात. पाठ बदामी-तपकिरी, पोट पांढरंशुभ्र. ऊन वरून पडतं तेव्हा पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि दोन्ही मिळून तो प्राणी गवतातच सपाट होऊन जातो. नर काळा-पांढरा, त्याला लपायचं नसतं, दिसायचं असतं. चंडोल पायाखाली येईपर्यंत ढेकूळच वाटतो. रातवा दिवसा उघड्या जमिनीवर बसतो आणि तरी वाळल्या पाचोळ्यापासून वेगळा काढता येत नाही. पखुर्डी उडाल्यावर कळतं की इतका वेळ तिथे आठ पक्षी होते. यातल्या एकाच्याही अंगावर हिरवा रंग नाही. पावसाळ्यात माळ हिरवा झाला तरी ते बदामीच राहतात, आणि तरी त्यांचं निभतं, कारण हिरव्याच्या खाली मातीचा आणि सावलीचा रंग वर्षभर असतोच. चुकायचंच असेल तर मातीच्या बाजूला चुकावं, हे मला त्या पक्ष्यांनी पटवलं. त्या माद्यांवरून माणसाने घ्यायचं ते एवढंच: टोपीचा माथा आणि खांदे, जिथे ऊन थेट पडतं, ते बाकी अंगापेक्षा अर्धी शेड गडद असावेत. (अशा जागा बघायला जावं, खेळायला नाही. बायोडिग्रेडेबल म्हणून विकले जाणारे पीएलए या प्लॅस्टिकचे छर्रेही मातीत लवकर कुजत नाहीत.)

कपडे जुळले तरी लोक पकडले जातात ते साहित्यामुळे, आणि इथे खरी मेहनत आहे. काळा रंग निसर्गात फार थोडा, आणि जो असतो तो सावलीचा, कडा विरलेला. आपली काळी रिग मात्र छातीवर चौकोनी खिडकीसारखी बसते. रिग, बेल्ट, मॅगझिनचे (छर्ऱ्यांच्या डब्यांचे) पाऊच कोयोट ब्राउन या मातकट तपकिरीमध्ये घेतले तर सोलापुरात बाराही महिने चालतात. रेंजर ग्रीन हा करडा-हिरवा, बाभळीच्या पानाच्या जवळचा. पावसाळ्यात आणि ओढ्याकाठी कोयोटपेक्षा सरस. दोन्ही थोडे थोडे मिसळले तर फारच छान: रिग कोयोट, एखाद-दुसरा पाऊच हिरवा. सगळं एका ब्रँडचं, एका शेडचं जुळवण्याचा हट्ट धरू नये. नायलॉनचा पट्टा आणि सुती कापड एकच शेड कधी धरत नाहीत, आणि इथे ते न जुळणंच फायद्याचं. रायफल म्हणजे पाऊण-एक मीटरची सरळ काळी रेघ. माळावर सरळ रेघ कुठेही नसते. तिच्यासाठी औषधाच्या दुकानातलं दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज पुरतं. ते मुळातच मातकट रंगाचं असतं, चमकत नाही, आणि खेळ संपला की सोडता येतं. पुढच्या हँडगार्डला आणि स्टॉकला गुंडाळावं. सिलेक्टर (फायरिंगचा खटका), मॅगझिनचं बटण, हॉप-अपची (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या भागाची) खिडकी आणि बॅटरीची जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ऐन वेळी मॅगझिन सुटत नाही. स्प्रेने रंगवायचं असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसावं, मॅट रंग घ्यावा, पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून तीन पातळ थर द्यावेत. एक जाड थर दिला की ओघळ येतो आणि पहिल्याच घासण्यात पापुद्रा सुटतो. पाया वाळक्या गवताचा, त्यावर बाभळीची डहाळी ठेवून करडा-हिरवा, आणि शेवटी अगदी थोडा तपकिरी. नळीचं टोक मात्र नारिंगीच राहू द्यावं. मग उरतात बारीकसारीक गोष्टी, ज्या सगळ्यात जास्त दगा देतात: स्टीलची पाण्याची बाटली, घड्याळाची काच, पांढरे मोजे, छातीवरचा रंगीत पॅच, आणि गळ्यात घाम पुसायला टाकलेला पांढरा टॉवेल. आपल्या गावचा टॉवेल कितीही प्रेमाचा असला तरी माळावर शंभर पावलांवरून तो झेंड्यासारखा दिसतो. मातकट रंगाचा पातळ पंचा न्यावा.

सुती पट्टे, जाळी, पंचा, टोपीची खोळ यांना रंग देण्यासाठी आपल्या जिल्ह्याइतकी सोय कुठे नसेल. डाळिंबाच्या साली. वाळवलेली साल पाव किलो, कापड अर्धा किलो, पाणी दहा लिटर. साल रात्रभर भिजवून पाऊण तास उकळावी आणि गाळावी. कापड आधी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी. खळ राहिली की रंग डागाडागांनी बसतो आणि मग काही करता येत नाही. ओलं कापड त्या पाण्यात तासभर, उकळीच्या खाली, सतत हलवत ठेवावं आणि रात्रभर तसंच सोडावं. सकाळी मिळतो पिवळसर खाकी, वाळक्या कुसळीच्या अगदी जवळचा. तो मळकट ऑलिव्हकडे न्यायचा असेल तर दुसऱ्या बादलीत पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून त्यात दहा मिनिटं बुडवावं. हवेत काढल्यावर रंग आणखी गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा फिकट असतानाच बाहेर काढावं. दहा ग्रॅमच्या वर हिराकस घालू नये, सूत कमजोर होतं आणि पुढच्या पावसाळ्यात कापड हातात फाटून येतं. भांडं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नाही. हा रंग पॉलिस्टर धरत नाही. त्यामुळे मिश्र कापडावर तो अर्धवट चढतो, आणि शिलाईचा पॉलिस्टर दोरा तर मूळच्याच रंगात राहतो. गोणपाट उसवून काढलेला ताग तर रंगवायचीही गरज नाही, तो मुळातच आपल्या माळाच्या रंगाचा. टोपीवर आणि खांद्यावर वीतभर लांबीचे झुपके पुरतात. अंगभर तागाची गिली, म्हणजे झुपक्यांनी झाकलेला वेष, मात्र इथल्या उन्हाळ्यात घालू नये. आतला माणूस उकडून निघतो, आणि ताग वाळल्या गवताइतक्याच चटकन पेट घेतो.

धुण्यात बिघडतं ते वेगळंच. ‘जास्त पांढरे’ करणाऱ्या पावडरीने कापडावर असा थर बसतो जो उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत फेकतो. संध्याकाळी सावलीत असा शर्ट मंद उजळलेला दिसतो. म्हणून साधा साबण वापरावा आणि उलटं करून वाळत घालावं. एरवी विटणं हे कापडाचं नशीब फुटणं. इथे दोन उन्हाळे विटलेला शर्ट कोऱ्यापेक्षा चांगला. त्या वयस्कर खेळाडूचा तसाच होता. घामाचाही विचार करावा: सुती खाकी भिजली की एक-दोन शेड गडद होते, पाठीवर आणि काखेत तपकिरी नकाशे उमटतात. रिगच्या खाली पातळ विणीचा, लवकर वाळणारा, न चमकणारा कपडा असला तर हे कमी होतं. आणि गॉगल्सच्या बाबतीत रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. एएनएसआय झेड87.1 किंवा ईएन 166 असा डोळ्यांच्या सुरक्षेच्या मानकाचा शिक्का असलेले, चारी बाजूंनी बंद गॉगल्सच हवेत. वाफ धरते म्हणून खेळाच्या जागेत ते एक क्षणही वर करू नयेत. दुहेरी काच घ्यावी. कडुनिंबाच्या सावलीत गडद काच माणसाला आंधळं करते, म्हणून पारदर्शक किंवा हलकी धुरकट घ्यावी.

आपल्या लष्कराचा 2022 चा नवा पॅटर्न मात्र कितीही आवडला तरी घेऊ नये. त्याच्या डिझाइनचे हक्क लष्कराकडे नोंदवलेले आहेत. आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी सैनिकासारखा वेष करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. ज्याने तो खरा कमावलाय त्याच्याबद्दल आदर म्हणूनही घेऊ नये. इतर कुठलाही पॅटर्न असला तरी माळावर जाऊन बदलावा, येताना साधे कपडे घालून यावं, रायफल बंद पिशवीत असावी, आणि रान ज्याचं आहे त्याची परवानगी व जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कल्पना द्यावी. चहाच्या टपरीवर पाच जण तसल्या वेषात उतरले की गाव घाबरतं, आणि त्यात गावाची काही चूक नसते.

तरीही त्या मुलाचं मन कळतं. तो ड्रेस त्याने आरशासमोर निवडला होता. आरशात मागे भिंत असते, पंखा असतो, आपण असतो, माळ नसतो. मित्रांनी बघावं, फोटो चांगला यावा, अंगात काहीतरी वेगळं संचारावं, ही हौस खरी असते, आणि ती नसती तर रविवारी पहाटे पाचला उठून कुणी माळावर आलंच नसतं. दिसण्यासाठी घेतलेल्या कपड्यात लपायचं, ही ओढाताण या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला येते. बाजार पहिलीच बाजू ओळखतो. दुसरी ओळखायला ऊन लागतं, आणि काही महिने.

ऑगस्टमध्ये, चांगले दोन पाऊस झाल्यावर, त्याच माळावर पुन्हा खेळ झाला. तरवड कमरेएवढा, पिवळ्या फुलांनी भरलेला. गवत दाट, ओलं, त्यातून मातीचा वास. मुलाचा ड्रेस तोच होता, उन्हाने आणि धुण्याने थोडा मऊ पडलेला. काळी रिग गेली होती, तिथे शेजारच्या शिंप्याने शिवलेली साधी मातकट कापडी पट्टी होती, आणि रायफलीला क्रेप बँडेज. शिट्टी वाजली, सगळे बाहेर आले, मोजले तर एक कमी. दोघं हाका मारत तरवडातून फिरले. मग त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, जिथे तिघांनी दोनदा बघितलं होतं, तिथलं गवत हललं आणि तो उठून उभा राहिला, कोपरापर्यंत चिखलाने भरलेला.